यकृत बदललं, आता गोळ्या किती कमी करायच्या?

नागपुरात दात्याचा अवयव नेण्यासाठी ग्रीन कॉरिडॉर झाला की दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. रिकामा रस्ता, पुढे पोलिसांची गाडी, मागे ॲम्ब्युलन्स, आणि अंतर किती मिनिटांत कापलं त्याचा आकडा. ती बातमी वाचताना माझ्या अंगावर आजही काटा येतो. पण धंतोलीत औषधांच्या दुकानात उभं राहून मला त्या बातमीचा पुढचा भाग दिसतो, जो पेपरात येत नाही. नवीन यकृत बसलेला माणूस महिन्याच्या महिन्याला कागद घेऊन येतो. पहिलं वर्ष, तिसरं वर्ष, आठवं वर्ष. आणि कधी ना कधी तो किंवा त्याची बायको काउंटरवर वाकून हळूच विचारते, "मॅडम, या गोळ्या कमी नाही का होत?"

मागच्या महिन्यात काटोलकडच्या एक बाई आल्या. नवऱ्याचं यकृत हिपॅटायटिस बीनं, आपल्याकडे जिला पांढरी कावीळ म्हणतात तिनं, गेलं होतं. चार वर्षांपूर्वी नवीन बसलं. "डॉक्टरनं गोळी कमी केली म्हणे. मंग यायनं दोन्ही डब्या अर्ध्यावर आणल्या. आता काही होईन का?" कागद पाहिला. डॉक्टरांनी कमी केली होती ती टॅक्रोलिमस, म्हणजे शरीरानं नवं यकृत नाकारू नये म्हणून द्यायची गोळी. घरी त्याच हिशेबात एन्टेकॅव्हिर ही विषाणू दाबणारी गोळीही एक दिवसाआड सुरू झाली होती, तीन आठवड्यांपासून. मी त्यांना तिथूनच डॉक्टरांना फोन लावायला लावला. हा लेख लिहायचं त्या फोननंतर ठरवलं.

डोळा, खुंट आणि पट्टी

काटोलच्या माणसाला मी कलमावरून समजावते, कारण ते त्यांना माझ्याहून जास्त कळतं. जंबेरी या लिंबाच्या जातीच्या खुंटाच्या, म्हणजे मुळं असलेल्या खालच्या रोपाच्या, सालीत काप देतात, त्यात संत्र्याचा डोळा बसवतात आणि वरून पट्टी घट्ट आवळतात. काही आठवडे ती पट्टी हलू द्यायची नाही. डोळ्यानं जीव धरला की मात्र ती सोडावी लागते. तशीच ठेवली तर वाढत्या सालीत रुतते आणि ज्याला जगवायला बांधली त्यालाच आवळते. शिवाय एक काम त्या झाडाच्या जन्माला पुरतं. कलमाच्या खालून खुंटाचे फुटवे येत राहतात. ते वेळच्या वेळी काढले नाहीत तर काही वर्षांनी संत्र्याच्या जागी जंबेरीच माजते.

प्रत्यारोपण झालेल्या माणसाच्या घरात दोन प्रकारच्या गोळ्या असतात. पहिल्या पट्टीच्या, दुसऱ्या फुटवे काढायच्या, म्हणजे विषाणूला डोकं वर काढू न देणाऱ्या. पट्टी सैल करायची असते. फुटवे काढणं सोडायचं नसतं. हिपॅटायटिसच्या पेशंटचा सगळा घोळ या दोन डब्या एक समजण्यात होतो.

पट्टी कशाला लागते?

झाडाचा खुंट परक्या डोळ्याला शत्रू समजून त्याच्यावर चालून जात नाही. माणसाचं शरीर जातं. रक्तातल्या पांढऱ्या पेशींचं कामच ते: आपलं काय, परकं काय हे ओळखायचं आणि परक्याला हाकलायचं. भावाचं यकृत असो की मेंदूमृत दात्याचं, पांढऱ्या पेशींना ते परकंच. त्यांनी नव्या यकृतावर हल्ला केला की त्याला रिजेक्शन म्हणतात. तो हल्ला थोपवायला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं देतात. लेखात पुढे त्यांना मी पट्टीच्या गोळ्याच म्हणेन.

त्यातली मुख्य टॅक्रोलिमस. जपानमधल्या त्सुकुबा भागातल्या मातीत सापडलेल्या एका जिवाणूपासून १९८४ मध्ये ती मिळाली, आणि १९८९ मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्गला थॉमस स्टार्झल यांनी यकृताच्या पेशंटना ती पहिल्यांदा दिली. माणसातलं पहिलं यकृत प्रत्यारोपण १९६३ मध्ये करणारे सर्जन तेच. टॅक्रोलिमसच्या जोडीला मायकोफेनोलेट असते आणि सुरुवातीला प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड. रिजेक्शनचा धोका पहिल्या काही महिन्यांत सर्वांत जास्त, म्हणून तेव्हा पट्टी घट्ट. पुढे शरीर नव्या यकृताला हळूहळू सोसायला लागतं.

या बाबतीत यकृत मोठं समजूतदार आहे. १९६९ मध्ये इंग्लंडमध्ये रॉय काल्न यांनी डुकरांवरच्या प्रयोगात दाखवलं की दुसऱ्या डुकराचं यकृत बसवल्यावर काही डुकरं औषधांशिवायही ते टिकवून धरतात. किडनी किंवा हृदयाच्या मानानं यकृताला कमी पट्टी पुरते, हे पुढे माणसांतही दिसलं. मात्रा उतरवण्याची सगळी कल्पना या गुणावर उभी आहे.

घट्ट पट्टी कुठे रुतते

सगळ्यात आधी किडनीत. टॅक्रोलिमस किडनीकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या आकसवते. वर्षानुवर्षं हे चाललं की किडनी झिजते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात यकृत बदललेल्यांपैकी शंभरात सुमारे १८ जणांची किडनी पाच वर्षांत गंभीररीत्या बिघडलेली आढळली. यकृत छान आणि डायलिसिस सुरू, ही अवस्था एखाद्या घरात पाहिली की रिपोर्टमधल्या क्रिएटिनिनच्या, म्हणजे किडनीचं काम दाखवणाऱ्या, आकड्याकडे डोळे आपोआप आधी जातात.

आपल्या नागपूरच्या उन्हाचं इथं वेगळं सांगायला हवं. मे अखेरच्या नवतपात पारा ४५ च्या आसपास असतो. घाम, उलट्या, जुलाब यांनी शरीरातलं पाणी उतरलं की किडनीवर आधीच ताण येतो. त्यात जुलाब झाले की रक्तातली टॅक्रोलिमस उलट वाढते, कमी होत नाही. लोकांना वाटतं औषध वाहून गेलं, आणि ते एखादी गोळी जास्तीची घेतात. तसं अजिबात करू नका. दोन दिवस जुलाब लागले तर डॉक्टरांना कळवा, ते लेव्हल, म्हणजे औषधाची रक्तातली पातळी, तपासायला सांगतील. अंगदुखीला डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन स्वतःच्या मनानं घेऊ नका. टॅक्रोलिमससोबत ती किडनीवर दुहेरी मार देते.

बाकीचे त्रासही खरेच आहेत: हात थरथरणं, साखर वाढणं, बीपी, झोप उडणं. दाबलेल्या प्रतिकारशक्तीत टीबी आणि बुरशीचे आजार शिरतात. शिवाय हिपॅटायटिसच्या कितीतरी पेशंटचं यकृत कॅन्सरमुळे बदललेलं असतं. शरीरात चुकार राहिलेल्या कॅन्सरच्या पेशींना टिपणाऱ्याही याच पांढऱ्या पेशी, त्यामुळे अशा माणसाची पट्टी गरजेपेक्षा घट्ट ठेवणं धोक्याचं.

फुटव्यांची गोष्ट: बी, सी आणि तिसरा

नुसतं "हिपॅटायटिस होता" म्हणून भागत नाही. कोणता, हे घरातल्या प्रत्येकाला पाठ असायला हवं, कारण उत्तरं एकमेकांच्या उलट आहेत.

हिपॅटायटिस बी. जुनं यकृत काढलं तरी हा विषाणू पूर्ण जात नाही. रक्तात आणि इतर पेशींत थोडा मागे राहतो आणि नव्या यकृतात शिरू पाहतो. पेशीच्या केंद्रात तो आपली एक प्रत दडवून ठेवतो आणि आजची कुठलीही गोळी तिथवर पोचून ती पुसू शकत नाही. प्रतिबंधक उपाय नव्हते तेव्हा शंभरातल्या ८० च्या आसपास लोकांच्या नव्या यकृतात विषाणू परत येई, आणि १९८० च्या दशकात कित्येक केंद्रांनी बीच्या पेशंटचं प्रत्यारोपण करणंच थांबवलं होतं. मग विषाणूला पकडणाऱ्या तयार प्रतिपिंडांची इंजेक्शनं आली, त्यानंतर एन्टेकॅव्हिर आणि टेनोफोव्हिर या गोळ्या आल्या. त्या रोज, न चुकता घेतल्या तर विषाणू परतण्याचं प्रमाण अगदी खाली येतं. न चुकता याचा अर्थ जन्मभर. विषाणूची तपासणी निगेटिव्ह आली तरीही, कारण ती निगेटिव्ह या गोळीमुळेच आलेली असते.

पट्टी सैल करण्याचा बीच्या पेशंटला आणखी एक फायदा आहे. या विषाणूच्या जनुकांत स्टेरॉइडला प्रतिसाद देणारा एक भाग असतो. स्टेरॉइड दिलं की विषाणू जोमानं वाढू शकतो. म्हणून स्टेरॉइड शक्य तितक्या लवकर काढून घेण्याकडे डॉक्टरांचा कल असतो. काटोलच्या त्या घरात झालं ते याच्या नेमकं उलट: पट्टी होतीच आणि फुटवे काढणं अर्ध्यावर आलं.

हिपॅटायटिस सी. इथं गोष्ट सुखाची आहे. पूर्वी रक्तात विषाणू असताना यकृत बदललं तर तो जवळजवळ प्रत्येकात परत येई आणि पाच वर्षांत शंभरातल्या २० ते ३० जणांचं नवं यकृतही सिरोसिसपर्यंत, म्हणजे आकसून निकामी होण्यापर्यंत, जाई. डॉक्टरांची तेव्हा मोठी कोंडी होती. एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाल्याचं सांगणारा रक्तातला आकडा, वाढला तर तो विषाणूमुळे की रिजेक्शनमुळे? बायोप्सीत, म्हणजे यकृताचा बारीक तुकडा काढून तपासला तरी, दोन्ही कधी कधी सारखंच दिसे. रिजेक्शन समजून स्टेरॉइडचा मोठा डोस दिला आणि कारण विषाणू निघालं, तर आगीत तेल. विषाणू समजून पट्टी सैल केली आणि कारण रिजेक्शन निघालं, तर यकृत हातचं जाणार. त्या काळात "सीच्या पेशंटची औषधं कमी करा" यावर इतकी चर्चा झाली ती यामुळेच.

मग सोफोसब्युव्हिर आणि तिच्या जोडीच्या गोळ्या आल्या. भारतात त्यांची स्वस्त जेनेरिक औषधं २०१५ पासून मिळू लागली. बारा किंवा चोवीस आठवड्यांचा कोर्स, आणि शंभरातले ९० हून जास्त लोक बरे. सीची प्रत कुठे दडून राहत नाही, त्यामुळे गेला तो गेला. त्यानंतर या पेशंटची पट्टी इतर कुणाहीसारखी हळूहळू उतरवता येते. एक बारीक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. विषाणू गेल्यावर यकृत जास्त चांगलं काम करतं, टॅक्रोलिमसही जोरात पचवतं आणि मात्रा तीच असूनही रक्तातली पातळी घसरू शकते. अशा वेळी डॉक्टरांना गोळी वाढवावीही लागते. "बरा झालो तर गोळी वाढली कशी?" म्हणून घाबरू नका.

तिसरा ऑटोइम्यून हिपॅटायटिस. यात विषाणू नसतोच. स्वतःची प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटलेली असते. इथं पट्टी सैल करणं म्हणजे मूळ आजाराला मोकळं सोडणं. म्हणून अशा पेशंटला बारीक मात्रेत स्टेरॉइड कित्येकदा वर्षानुवर्षं ठेवतात. शेजारच्या बीच्या पेशंटचं स्टेरॉइड तीन महिन्यांत बंद झालं म्हणून तुमचंही व्हावं, असा हट्ट करू नका.

कमी करतात म्हणजे काय करतात?

आधी स्टेरॉइड उतरवतात. मग टॅक्रोलिमस पायरी पायरीनं खाली आणतात. टॅक्रोलिमस बरीच कमी करायची असेल तर मायकोफेनोलेटचा आधार ठेवतात किंवा एव्हरोलिमस हे वेगळ्या वाटेनं काम करणारं औषध जोडतात. एका वेळी एकच बदल, मग रक्ततपासणी, मग पुढची पायरी.

मोजमाप गोळ्यांच्या संख्येवर होत नाही. ते होतं लेव्हलवर, म्हणजे रक्तात टॅक्रोलिमस किती उरली आहे त्यावर. पहिल्या महिन्यात साधारण ६ ते १० आणि पुढे ४ ते ८ नॅनोग्रॅम, एका मिलिलिटर रक्तात, असा अंदाज धरतात. तो माणसागणिक बदलतो. एकाला दिवसाला १ मिलिग्रॅम पुरते, दुसऱ्याला ४ लागते, आणि दोघांची लेव्हल सारखी येते. रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचं असतं. गोळी घेऊन रक्त दिलं तर आकडा फुगलेला येतो, डॉक्टर मात्रा आणखी उतरवतात आणि रिजेक्शनचं दार उघडतं. इतक्या छोट्या चुकीतून एवढं मोठं नुकसान होऊ शकतं, म्हणून मी प्रत्येकाला हे दोनदा विचारते.

"पाच वर्षं झाली, पूर्णच बंद करून पाहू का?"

असे लोक जगात आहेत ज्यांच्या सगळ्या पट्टीच्या गोळ्या बंद झाल्या आणि यकृत ठणठणीत राहिलं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या अभ्यासात निवडक ९८ पेशंटची औषधं टप्प्याटप्प्यानं थांबवली. ४१ जणांना ते साधलं, ५७ जणांना रिजेक्शन आलं. अमेरिकेत आई किंवा वडिलांच्या यकृताचा तुकडा मिळालेल्या २० मुलांवर असाच प्रयोग झाला आणि १२ मुलं औषधांशिवाय राहिली.

हे आकडे वाचून आशा वाटते, वाटायलाच हवी. पण त्या ९८ जणांना आधी पारखून घेतलं होतं. प्रत्यारोपणाला किमान तीन वर्षं झालेली होती, आणि जितकी वर्षं जास्त तितकं यश जास्त मिळालं. नियमित रक्त तपासलं जात होतं, बायोप्सीची सोय होती. ज्यांना रिजेक्शन आलं त्यांचं वेळीच कळलं, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आणि कुणाचं यकृत गेलं नाही. घरी गुपचूप बंद करणाऱ्याला यातलं काहीच मिळत नाही. कुणाचं शरीर यकृताला पूर्ण आपलं मानेल हे आधी सांगणारी खात्रीची तपासणी रोजच्या वापरात अजून आलेली नाही.

"पण माझे सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत"

सुरुवातीचं रिजेक्शन दुखत नाही. भूक लागते, कामाला जाता येतं, डोळे पिवळे होत नाहीत. एलएफटी, म्हणजे यकृताची रक्ततपासणी, नॉर्मल असतानाही बायोप्सीत सूज किंवा तंतू दिसल्याची उदाहरणं आहेत. लवकर सापडलेलं रिजेक्शन बहुतेक वेळा औषधांनी उलटवता येतं. दीर्घकाळ धुमसलेलं मात्र पित्ताच्या बारीक नळ्या संपवत जातं आणि मग दुसऱ्या यकृताची यादी गाठावी लागते. एक यकृत मिळायला काय लागतं ते त्या घराला ठाऊक असतं.

गुळवेल, काढा आणि संत्री

कोरोनापासून घरोघरी गुळवेल आली. माया असलेले नातेवाईक यकृताच्या पेशंटला मुद्दाम आणून देतात, "प्रतिकारशक्ती वाढेल" म्हणून. जी शक्ती आपण औषधांनी दाबून ठेवतो आहोत तीच काढ्यानं चेतवायची, असं ते होतं. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला सूज आल्याचे पेशंट भारतातल्या डॉक्टरांनी नोंदवलेही आहेत. आणणाऱ्याला दुखवू नका, पण डबी बाजूला ठेवा.

संत्र्याबद्दल तर नागपुरात रोज विचारणा होते. टॅक्रोलिमस पचवणाऱ्या आतड्यातल्या रसायनाला अडवतात ती ग्रेपफ्रूट आणि पपनस. ही दोन्ही पूर्ण बंद, त्यांनी लेव्हल धोकादायक वाढू शकते. आपल्या नागपुरी संत्र्यात आणि मोसंबीत तो त्रासदायक घटक नगण्य असतो. मात्र टॅक्रोलिमस रक्तातलं पोटॅशियम वाढवते, आणि संत्री, केळी, नारळपाणी यांतही पोटॅशियम असतं. तुमचं पोटॅशियम किती, ते पाहून डॉक्टरांना प्रमाण विचारा. औषधांतही हेच ध्यानात ठेवायचं. टीबीची रिफॅम्पिसिन लेव्हल कोसळवते; क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनॅझोल ती चढवतात. कुठल्याही डॉक्टरकडे साध्या तापासाठी गेलात तरी "माझं यकृत बदललेलं आहे" हे वाक्य पहिलं असू द्या.

"खर्च झेपत नाही म्हणून मीच कमी केल्या"

हे मला सर्वांत जास्त लागतं. लोक डॉक्टरांना सांगायला लाजतात, दुकानात मात्र बोलून जातात. वीस दिवसांच्या गोळ्या महिनाभर पुरवतात. डॉक्टरांच्या कागदावर पूर्ण मात्रा, रक्तात अर्धी लेव्हल. ते गोंधळतात, मात्रा वाढवतात, आणि पेशंटच्या हाती एकदम पैसे आले की तो पूर्ण घेऊ लागतो. मग लेव्हल उडी मारते आणि किडनी भोगते.

पैशाची अडचण आजाराइतकीच खरी आहे, ती तशीच सांगा. हिपॅटायटिस बी आणि सीच्या विषाणूविरोधी गोळ्या २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात सरकारी उपचार केंद्रांत मोफत मिळतात. म्हणजे फुटव्यांची डबी तरी पैशापायी कुणीही सोडायची वेळ येऊ नये. टॅक्रोलिमसचा स्वस्त ब्रँड हवा असेल तर डॉक्टरांना विचारून बदला आणि बदलल्यावर लेव्हल पुन्हा तपासा. दुकानदारानं परस्पर ब्रँड बदलून दिला तर पाकीट परत करा. माझ्याच व्यवसायातल्या लोकांबद्दल हे बोलते आहे, पण बोलायला हवं.

त्या काटोलच्या बाई परवा पुन्हा आल्या. एन्टेकॅव्हिर फोनच्या दिवसापासूनच रोज सुरू झाली होती. व्हायरल लोडचा रिपोर्ट आला, विषाणू सापडला नाही. एन्टेकॅव्हिर रिकाम्या पोटी लागते, म्हणून ती डबी आता उशाशी असते, जेवणानंतर दोन तासांनी, झोपताना घ्यायला. टॅक्रोलिमसची डबी स्वयंपाकघरातल्या फळीवर, घड्याळाखाली, सकाळी आठ आणि रात्री आठ. येत्या सोमवारी नव्या मात्रेवरची लेव्हल आहे. सकाळची गोळी सोबत न्यायची, रक्त दिलं की तिथंच पाण्याबरोबर घ्यायची, हे त्यांनी मला न विचारता सांगितलं.